विभावरीबाईंच्या कुरडया आणि न आलेला बकरा

नव्व्याण्णवच्या मार्चात शारजाला, अल मजाजमधल्या एका अकरा मजली बिल्डिंगीत, निगुडकरांच्या बाथटबमध्ये पाच किलो गहू भिजत पडला होता. गहू पातेल्यांत, पातेली टबात, आणि निगुडकरांच्या घरची माणसं टबाबाहेर उभी राहून बादलीनं अंघोळ करत होती. भिजल्या गव्हाला तिसऱ्या दिवशी जो आंबूस वास सुटतो, तो ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत. इथे तर तो एसीच्या डक्टमधून नवव्या मजल्यावरून थेट सातव्यापर्यंत उतरला होता. बिल्डिंगीचा नातूर, म्हणजे वॉचमन, याकूब नावाचा सव्वासहा फुटी सुदानी माणूस होता. तो बिचारा दोनदा गटारं तपासून गेला आणि दोन्ही वेळा डोकं खाजवत परत फिरला.

या वासाच्या मुळाशी होता पुण्याहून आलेला एक फोन.

विभावरीबाई निगुडकरांची एकुलती एक लेक मैथिली हिचं लग्न ठरलं होतं. नवरा मुलगा अंकुर, पुण्याचा. लग्न मे महिन्यात. सगळं गोडीगुलाबीत चाललेलं असताना अंकुरच्या आई प्रमिलाबाई फोनवर सहज बोलून गेल्या, "रुखवताचं काही मनाला लावून घेऊ नका हं विभाताई. तुमच्या त्या वाळवंटात वाळवण कुठलं व्हायला. इथे सगळं तयार मिळतं, आपण विकत आणून मांडू."

विभावरीबाईंनी फोन ठेवला आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. "वाळवंटात नाही वाळणार तर काय कोकणात वाळणार?" असं त्यांनी नवऱ्याला विचारलं. गुणवंतरावांना आधीचं काहीच माहीत नसल्यामुळे त्यांनी सावधपणे मान हलवली. एवढ्या वर्षांच्या संसारात मान कधी हलवायची हे त्यांना चांगलं कळलं होतं.

वरवर पाहता हा तोरा होता. आत मात्र दुसरंच काहीतरी टोचत होतं. मैथिली आठ वर्षांची असताना शारजात आली. आता तेवीस वर्षांची घोडी, ऑइल कंपनीत ट्रेनी इंजिनिअर, आईनं मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणार. गव्हाच्या पातेल्यात डोकावून ती म्हणाली होती, "आई, सिरीयसली, हू इज गोइंग टू ईट धिस?" ही पोर त्या घरात जाणार, तिथे लोक म्हणणार दुबईची सून आली, आणि तिच्याबरोबर आईच्या हातचं म्हणून काय जाणार, तर ड्यूटी फ्रीचे बदाम. विभावरीबाईंना हे सहन होत नव्हतं. रुखवतात एकच ताट त्यांच्या हातचं असावं, आणि बघणाऱ्याला ते हातचं आहे हे कळावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी त्यांनी निवडल्या कुरडया. निवडायचं तर सगळ्यात कठीण निवडावं, असा त्यांचा स्वभावच होता.

कुरडईचं गणित मोठं आडमुठं असतं. गहू आज भिजवायचा, तीन दिवस पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळायला ठेवायचा, आणि पाचव्या दिवशी शिजवून घालायच्या. म्हणजे ऊन लागणार पाचव्या दिवशी, आणि ते पडेल की नाही हे ठरवायचं पहिल्या दिवशी. शारजात एरवी हवामान सांगायला अक्कल लागत नाही. "उद्या ऊन" म्हणावं आणि झोपावं. पण मार्च आला की तिथलं आभाळ लाडावलेल्या पोरासारखं वागतं. सकाळी हसतं, दुपारी धूळ उडवतं, आणि एखाद्या वर्षी असं काही आदळआपट करतं की रस्त्यांचे तलाव होतात.

सुदैवानं घरात हवामानखातं होतं. एसी डक्टिंगच्या कंपनीत एस्टिमेटर असलेले गुणवंतराव गेली सहा वर्षं इंग्रजी पेपरातला हवामानाचा चौकोन रोज कापून डायरीत चिकटवत होते. त्याचा उपयोग आजवर कुणालाच झाला नव्हता. पण आता त्यांचा दिवस उगवला. चष्मा कपाळावर चढवून, सहा वर्षांचे मार्च चाळून त्यांनी निकाल दिला, "बुधवार ते पुढचा सोमवार, आउटलुक फेअर. विभा, भिजव गहू."

"नक्की?"

"इन्शाल्ला," गुणवंतराव म्हणाले. हा शब्द त्यांनी ऑफिसातून उचलला होता, आणि चूक अंगाशी येऊ नये म्हणून तो फार कामाला येत असे.

राहता राहिला प्रश्न गच्चीचा. गच्चीची किल्ली याकूबकडे होती आणि गच्चीची सत्ता म्हाताऱ्याकडे. म्हातारा म्हणजे बिल्डिंगीच्या मालकाचा, अरबाबाचा, वयोवृद्ध बाप. दर ईदच्या आधी तो काठी टेकत टेकत वर जायचा आणि दिसेल ते खाली काढायला लावायचा. एकदा कुणाच्या चादरी, एकदा कुणाची सायकल. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, त्यामुळे बिल्डिंगीतल्या मराठी मंडळींत त्याला नुसतं म्हातारा म्हणत. याकूब मात्र दिलदार माणूस. विभावरीबाईंनी त्याला सोऱ्या दाखवला, हातानं गोल गोल करून दाखवलं, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. "शारिया," तो म्हणाला. त्यांच्याकडे शेवयांना शारिया म्हणतात म्हणे, आणि त्याची आईही घालायची. किल्ली लगेच हातात पडली.

गुरुवारी पहाटे चीक शिजायला लागला. शेजारची सायरा, दापोलीची, स्वतःचा सोऱ्या घेऊन मदतीला आली. गुणवंतरावांना ऑफिसला जायच्या आधी चीक ढवळायला उभं केलं होतं. तो असा घट्ट होत गेला की शेवटी ते चीक ढवळतायत की चीक त्यांना ढवळतोय हे कळेना. नऊ वाजेपर्यंत गच्चीवर सहा फोल्डिंग खाटा मांडल्या, त्यांवर जुन्या चादरी, आणि चादरींवर एकशे ब्याण्णव कुरडया. पांढऱ्या, गुलाबी, हिरव्या. वर निळंभोर आभाळ, खाली खालिद लगूनचं चमचमतं पाणी. विभावरीबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. त्यांना वाटलं, प्रमिलाबाईंना आत्ता इथे उभं करावं आणि एक अक्षर बोलू नये.

आता खरी गंमत सुरू होते.

अकराच्या सुमाराला खाली स्वयंपाकघरात विभावरीबाई सांडग्यांसाठी डाळ वाटत होत्या. मिक्सर घरघरत होता. सायरा ओट्याला टेकून बकरी ईदच्या गोष्टी सांगत होती, कारण ईद आठ-नऊ दिवसांवर आली होती आणि रस्त्यानं बकऱ्यांचे टेम्पो दिसायला लागले होते. "मागल्या वर्षी समोरच्या बिल्डिंगीत एकानं बाल्कनीत बांधला होता, विभाताई," ती म्हणाली. "त्यानं शेजाऱ्यांची अख्खी तुळस खाल्ली. म्युनिसिपालिटीवाले आले, मोठा राडा झाला." तेवढ्यात इंटरकॉम वाजला. याकूब होता, आणि घाईत होता.

"मदाम, बुक्रा मतरा," तो म्हणाला. "हवा कतीर. मतरा कतीर."

आता बुक्रा म्हणजे उद्या, हे विभावरीबाईंना माहीत नव्हतं असं नाही. पंधरा वर्षांत प्रत्येक प्लंबरनं त्यांना बुक्रा म्हणून टांगून ठेवलं होतं. पण त्या घटकेला कानात बकराच बसला होता. आणि मतरा म्हणजे पाऊस, हे कळणार कुठून? पंधरा वर्षांत तिथे पाऊस पडला मोजून दहा-बारा वेळा, त्यावर बोलायची वेळ कुणावर आली होती? मिक्सरच्या घरघरीतून त्यांच्या कानात जे पडलं ते शुद्ध मराठीत पडलं: बकरा. म्हातारा. हवं, खातील. म्हातारा, खातील.

विभावरीबाईंनी मिक्सर बंद केला.

"सायरा," त्या म्हणाल्या, "म्हातारा बकरा घेऊन गच्चीवर येतोय."

"कोण म्हणालं?"

"याकूब. आणि म्हणाला, खातील."

सायराला आधी पटेना. म्युनिसिपालिटी दंड करते, असं ती म्हणाली. मग तिला ती तुळस आठवली. मग ती म्हणाली, अरबाबाच्या बापाला कोण दंड करणार. झालं. विभावरीबाईंनी पदर खोचला.

कुरडया उचलून घरात आणणं शक्यच नव्हतं. ओल्या कुरडईला हात लावला की तिचा लगदा होतो. म्हणजे कुरडया जागच्या हलणार नाहीत, आणि बकरा काही ऐकणार नाही. त्यांनी गुणवंतरावांना ऑफिसात फोन लावून फर्मान काढलं की घरी येताना खोरजवळच्या, म्हणजे खाडीजवळच्या, होड्यांच्या सामानाच्या दुकानातून मासेमारीचं जाळं आणा, मोठ्यात मोठं. गुणवंतरावांनी कारण विचारलं. "बकरा," असं उत्तर मिळालं. त्यांनी फोनवरही मान हलवली. तिथे शुक्रवारी सुट्टी आणि गुरुवारी अर्धा दिवस, त्यामुळे दोनला ते जाळं घेऊन हजर झाले आणि दारातच म्हणाले, "दीडशे दिरहम. म्हणजे पावणेदोन हजार रुपये. पावणेदोन हजारांत आपल्याकडे बकरा नाही का येणार?"

पुढचे दोन तास त्या गच्चीवर जे बांधकाम झालं ते पाहून कुठलाही बकरा मुकाट्यानं परत फिरला असता. खाटांवर जाळं ताणून बांधलं. जाळ्यावर, कुरडयांना धक्का लागणार नाही अशा बेतानं, वीतभर उंचीवर दुसऱ्या सहा खाटा उलट्या ठेवल्या. त्या कुणाकुणाकडून आणल्या होत्या ते सायरालाच माहीत. मग नायलॉनची दोरी घेऊन सगळं पाण्याच्या टाकीच्या पाइपाला आवळून बांधलं. मग तेलाचे पाच-पाच लिटरचे बारा डबे पाण्यानं भरून चारी बाजूंनी टांगले, कारण बकरा खाट ढकलू शकतो असं सायराचं म्हणणं होतं. डक्टिंगचा माणूस असल्यामुळे गुणवंतराव प्रत्येक गाठ दोनदा मारत होते. खरं सांगायचं तर त्यांना मजा यायला लागली होती.

मध्येच विभावरीबाईंचं लक्ष समोरच्या बिल्डिंगीकडे गेलं. तिथे लोक बाल्कनीतल्या कुंड्या आत घेत होते. एक बाई वाळत घातलेले गालिचे ओढत होती. "बघा," त्या म्हणाल्या, "तिथेही येतोय वाटतं."

इतक्यात याकूब वर आला. त्याच्या खांद्यावर ट्रकवर टाकतात तसली हिरवी ताडपत्री होती. समोरची तटबंदी बघून तो जागच्या जागी थांबला. त्यानं दोरी ओढून पाहिली, डबे हलवून पाहिले, आणि छातीवर हात ठेवून, एकदम झकास या अर्थानं म्हणाला, "मुमताज, मदाम. मुमताज." हवामानाचा इशारा इतक्या गांभीर्यानं घेणारं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नव्हतं.

"बकरा आयेगा तो क्या करेगा," विभावरीबाई अभिमानानं म्हणाल्या. "आने दो."

"आइवा, बुक्रा," याकूबनं होकार भरला. बुक्राच्या पुढचं त्याला काही कळलं नव्हतं. मग मदामला नीट कळलंय ना याची खात्री करावी म्हणून त्यानं खुणा केल्या. दोन्ही हातांची बोटं हनुवटीच्या उंचीवरून वळवळवत खाली आणली, पाऊस पडतो तशी. विभावरीबाईंना त्यात स्वच्छ दाढी दिसली. मग त्यानं डोक्यावरून हवेत वाकडीतिकडी रेघ मारली, वीज चमकते तशी. विभावरीबाईंना शिंगं दिसली. "मालूम है, मालूम है," त्या म्हणाल्या. दोघंही समाधानानं हसले. एका मताची दोन माणसं इतक्या वेगवेगळ्या संकटांच्या तयारीत याआधी कधी हसली नसतील.

ताडपत्री मात्र त्यांनी घालू दिली नाही. ऊन कसं लागणार मग? याकूब पुष्कळ बोलला, त्यातलं "कतीर, कतीर" तेवढं त्यांना समजलं. "नहीं खातील," त्या ठामपणे म्हणाल्या. याकूबनं शेवटी हात टेकले, ताडपत्री कोपऱ्यात ठेवली, आणि बाकीच्या मजल्यांच्या बाल्कन्या तपासायला निघून गेला.

शुक्रवार उजाडला तो लख्ख. गुणवंतरावांनी गच्चीवर खुर्ची टाकून पेपर उघडला आणि "फेअर" हा शब्द मोठ्यानं वाचला. विभावरीबाई शेजारी लाटणं घेऊन बसल्या होत्या. दहा वाजले, अकरा वाजले. म्हातारा नाही, बकरा नाही. कुरडया वरून छान खडखडीत व्हायला लागल्या होत्या, आतून अजून ओलसर. "नमाज झाल्यावर येतील," विभावरीबाई म्हणाल्या.

दीडच्या सुमाराला मैथिली आली. ती दोन दिवस रुवैसला, म्हणजे पार पश्चिमेच्या टोकाला, रिफायनरीच्या साइटवर गेली होती आणि कंपनीच्या बसनं परतली होती. घरात कुणी नाही म्हणून ती बॅग खांद्यावर घेऊनच गच्चीवर चढली. केस विस्कटलेले, डोळे मोठे झालेले.

"आई, बाबा, व्हॉट आर यू डूइंग हिअर? इट्स कमिंग. रुवैसला सकाळी गारा पडल्या, आमच्या बसच्या मागे मागे आलंय ते सगळं."

"काय आलंय?" विभावरीबाईंनी लाटणं घट्ट धरलं. "बकरा?"

"व्हॉट बकरा?"

मग विभावरीबाईंनी लेकीला याकूबचा निरोप शब्दशः सांगितला. बुक्रा मतरा, हवा कतीर. मैथिलीनं शाळेत आठ वर्षं सक्तीचं अरबी केलं होतं. ती आईकडे बघत राहिली. मग तिनं सहा खाटा, त्यांवरच्या सहा खाटा, जाळं, बारा डबे आणि आईच्या हातातलं लाटणं असं सगळं क्रमानं पाहिलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "मतर मीन्स रेन. बुक्रा मतर. उद्या पाऊस. अँड कतीर मीन्स अ लॉट."

गुणवंतरावांनी पेपराची घडी घातली आणि पश्चिमेकडे पाहिलं. लगूनच्या पलीकडे आभाळ होतं तिथे आता काहीच नव्हतं. एक पिवळट-तपकिरी भिंत उभी होती आणि ती इकडेच येत होती.

"आउटलुक..." गुणवंतराव म्हणाले, आणि वारा आला.

तो आधी त्यांचा पेपर घेऊन गेला. मग समोरच्या कुणाची प्लास्टिकची खुर्ची. मग एक निळा फुगवलेला लहान मुलांचा पूल गच्चीवरून डौलात तरंगत लगूनच्या दिशेनं निघून गेला. त्या गडबडीतही तिघांनी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं. तोंडात, डोळ्यांत, कानांत वाळू. "ताडपत्री," विभावरीबाई ओरडल्या. जिन्याच्या दारातून याकूब धावत येत होता. चौघांनी मिळून ती हिरवी ताडपत्री खाटांवर ओढली. दोन कोपरे याकूब आणि गुणवंतरावांनी बाहेरून टाकीच्या पाइपाला धरले आणि ते पाइपालाच बिलगून उभे राहिले. उरलेले दोन कोपरे आवळायला दोरी पुरेना, तेव्हा विभावरीबाई सरळ ताडपत्रीच्या आत शिरल्या आणि एका कोपऱ्यावर बसल्या. दुसऱ्या कोपऱ्यावर मैथिली बसली, ऑफिसच्या कपड्यांत.

आणि मग गारा. ताडपत्रीवर असा ताशा वाजायला लागला की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. वारा आत शिरायचा, ताडपत्री फुगायची, दोघी वीतभर वर उचलल्या जायच्या आणि बारा डब्यांच्या वजनानं परत खाली आदळायच्या. बकऱ्यासाठी बांधलेली एकही गाठ सुटली नाही.

तिसऱ्यांदा वर जाऊन खाली आपटल्यावर मैथिलीला हसू फुटलं. "बकरा," ती म्हणाली, आणि मग तिला बोलताच येईना. "म्हातारा. खातील." विभावरीबाईंना राग यायला हवा होता, पण त्यांनाही हसू फुटलं, ते थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही.

"आई, काय झालं?" मैथिलीनं विचारलं. मराठीत विचारलं.

"तू जाणार," विभावरीबाई म्हणाल्या. "आणि माझ्या हातचं काही तुझ्याबरोबर नको का जायला? तुला सगळं विकतचं देऊन पाठवलं, असं नको म्हणायला कुणी. मलाच तसं वाटायला नको." गारांच्या आवाजात हे ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे ते टाकीपाशी भिजत उभ्या असलेल्या गुणवंतरावांनाही ऐकू गेलं. याकूबनं त्यांच्याकडे पाहिलं. गुणवंतरावांनी मान हलवली, पण या वेळी नेहमीसारखी नाही.

आपला कोपरा न सोडता मैथिली जमेल तेवढी आईकडे सरकली आणि ताडपत्री दोन्ही हातांनी धरून बसली.

वीस मिनिटांत सगळं संपलं. आभाळ परत निळं झालं, जसं काही त्यानं काही केलंच नव्हतं. खाली रस्त्यावर गाड्या अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात होत्या. ताडपत्री काढली तेव्हा एकशे ब्याण्णवपैकी एकशे सत्तेचाळीस कुरडया शाबूत निघाल्या. भिजलेल्या ताडपत्रीच्या वजनानं वरच्या खाटा बसल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक कुरडईवर मासेमारीच्या जाळ्याची चौकट अशी उमटली होती की मुद्दाम काढायला गेलं तर जमणार नाही. शनिवार-रविवारी कडक ऊन पडलं. कुरडया कडकडीत वाळल्या. गुणवंतरावांनी आपली हवामानाची डायरी आणली, तिची पानं एकेक करून फाडली आणि कुरडया डब्यात भरताना मधे मधे घातली. "शेवटी उपयोग झाला," ते म्हणाले. म्हातारा सोमवारी एकटाच आला, बकऱ्याशिवाय, आणि त्यानं खाटा खाली काढायला लावल्या.

मे महिन्यात पुण्याच्या कार्यालयात रुखवत मांडलं. मधोमध चांदीच्या ताटात कुरडया, पांढऱ्या, गुलाबी, हिरव्या. बायका वाकून वाकून बघत होत्या. प्रमिलाबाई आल्या, त्यांनी एक कुरडई उचलली, उलटी केली, सुलटी केली, त्या चौकटीवरून बोट फिरवलं.

"छान आहेत हो," त्या म्हणाल्या. "मशीनच्या दिसतायत. चौकट किती सारखी आलीय. कुठल्या दुकानातून घेतल्यात?"

विभावरीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आता जाळं सांगायचं, बकरा सांगायचा, की म्हातारा सांगायचा? आणि सांगितलं तरी खरं कुणाला वाटणार? त्यांनी गुणवंतरावांकडे पाहिलं. त्यांनी नजर छताकडे नेली. तोवर हौसेच्या कुणीतरी दोन-चार कुरडया आचाऱ्याकडून तळून आणल्या होत्या. फुलल्याही सुरेख. प्रमिलाबाईंनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

कचकच.

तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला. प्रमिलाबाई चावायच्या थांबल्या. विभावरीबाईंना वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं. शारजाची वाळू होती ती, त्या पिवळ्या भिंतीतली, एकशे सत्तेचाळीस कुरडयांमध्ये कणाकणानं वाळून बसलेली.

"वाळू," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"हो," मैथिली पुढे झाली. शालू, मुंडावळ्या, हातभर चुडा. तिनं ताटातली दुसरी तळलेली कुरडई उचलली, अर्धी एका घासात खाल्ली, सगळ्यांना ऐकू येईल अशी कचकच चावली आणि गिळली. "आमच्या गच्चीवरची आहे. आई वादळात या कुरडयांना धरून बसली होती. मी पण बसले होते." सबंध वाक्यात एक इंग्रजी शब्द नव्हता.

प्रमिलाबाईंनी उरलेला तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "विकतच्यात वाळू नसते." आणि त्यांनी विभावरीबाईंचा हात धरला. "विभाताई, मी फोनवर भलतंच बोलून गेले हो."

पाठवणीच्या वेळी गाडीत बसताना मैथिलीनं उरलेल्या कुरडयांचा डबा डिकीत ठेवू दिला नाही, मांडीवर घेतला. विभावरीबाई खिडकीशी उभ्या होत्या. रडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणून त्या भराभर भलतंच बोलत होत्या. डबा उन्हात ठेव, झाकण घट्ट लाव, तेल चांगलं तापू दे. मग एकदम म्हणाल्या, "वाळू लागते गं दाताखाली. तिथे कुणी खातील की नाही, कोण जाणे."

मैथिलीनं डबा पोटाशी धरला आणि आईच्या गालाला हात लावला.

"कतीर, आई," ती म्हणाली. "कतीर."